पालथा घातलेला दगड

व्हर्नाबाई वाकायच्या आधी एक सुस्कारा टाकायच्या आणि सरळ होताना दुसरा. मधल्या वेळात त्यांनी एक लादी उचलून उलटी केलेली असायची, तिच्याकडे बघून घेतलेलं असायचं आणि होती तशी परत ठेवलेली असायची. "नाही," एवढंच म्हणायच्या. मग पुढची लादी.

मी खालच्या अंगाला, रस्त्याकडेच्या चरात उभी राहून माझ्या वाटणीच्या लाद्या उलटवायची. माझं वय त्यांच्याहून वीस वर्षांनी कमी, पण संध्याकाळी दोघींच्या कमरा एकाच सुरात बोलायच्या. पाठीमागून ट्रक जायचे. प्रत्येक ट्रकबरोबर वाऱ्याचा एक फटका बसायचा आणि व्हर्नाबाईंची टोपी कानावर यायची. ती त्या नीट करायच्या नाहीत. सुरुवातीला करायच्या, पुढेपुढे सोडून दिलं.

नदीकडे उतरणारा हमरस्ता काढताना टेकडी मधोमध कापली, तिची उघडी पडलेली कूस म्हणजे हा काप. एक थर करड्या दगडाचा, एक शाडूसारख्या मऊ मातीचा, पुन्हा दगड, पुन्हा माती, असं थेट वरपर्यंत. कपाटात घड्या रचून ठेवाव्यात तसं. पाऊस माती धुऊन नेतो, हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठून दगडाला चिरतं, आणि बर्फ वितळलं की लाद्या सुटून खाली घरंगळतात. त्या लाद्यांवर समुद्र असतो. शिंपले, डहाळ्यांसारखी पोवळी, शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या, आणि नशीब असेल तर बोट लावल्यावर पैसा किडा जसा गोल होतो तसा गोल होऊन बसलेला एखादा जीव. सगळं दगड झालेलं. अमेरिकेतल्या केंटकीच्या या नदीकाठाला टेकडी कुठेही कापा, आत समुद्रच निघतो. आमच्या गावात पोरांच्या खिशात हे शिंपले असतात आणि म्हाताऱ्यांच्या गॅरेजमध्ये त्यांची खोकी.

माझ्या आईच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम होता. तोही असाच समुद्रातला जीव, हे मला इथे येऊन कळलं. म्हणून मी लाद्यांवर पाय द्यायला कचरायची. व्हर्नाबाई म्हणाल्या, "अगं, अख्खा डोंगरच तो आहे. पाय ठेवशील कुठे? आकाशात?"

व्हर्ना रॉल्फेस शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या वरच्या होत्या. हाक मारताना मी नुसतं व्हर्ना म्हणते, इथली रीतच तशी, पण मनात त्या व्हर्नाबाई. नवऱ्याच्या नोकरीपायी मी या गावात आले आणि डोक्यावर जाळी बांधून पोरांच्या ताटात वाढायला लागले, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मांस खात नाहीस. हात तरी लावतेस का?"

"लावते. पण पळी वेगळी असली तर बरं."

दुसऱ्या दिवशी एका पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. सगळ्या बायकांसमोर ती वर धरून म्हणाल्या, "ही कुंदाची. हिला कोणी रश्श्यात बुडवलं, तर मी तिला स्वतःला रश्श्यात बुडवीन." त्या निवृत्त होईपर्यंत ती पळी कुणी बुडवली नाही.

त्यांचे यजमान नॉर्बर्ट घरोघरी जाऊन घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचे. हिवाळाभर लोकांच्या तळघरांत, आणि वसंत लागला की टेकड्यांच्या कापावर. दगडांचं वेड त्यांचंच. लग्नानंतर ते व्हर्नाबाईंनाही लागलं, आणि दोघांनी मिळून घरचा एक नियम केला. कापावर जे सापडेल ते एकमेकांना तिथे दाखवायचं नाही. घरी आणायचं, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये जुन्या टूथब्रशने घासायचं, मग जेवणाच्या टेबलावर पालथं ठेवायचं. उताणं करायचं ते समोरच्याने. ज्याचा दगड फिका, त्याने त्या दिवशीची भांडी घासायची.

"बहुतेक मीच घासली," व्हर्नाबाई सांगायच्या. "त्याचे डोळे घारीचे. वर मागे उभा राहून म्हणणार, व्हर्ना, कढईच्या कडेला राहिलंय बघ."

नॉर्बर्टना झटका आला तो त्यांच्या उपासाच्या दिवसांत. ईस्टरच्या आधी शुक्रवारी हे लोक मांस खात नाहीत, आणि चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत असते. मासे खाऊन कसला उपास, म्हणून मी एकदा हसले होते. त्यावर व्हर्नाबाईंनी माझ्या साबुदाण्याच्या खिचडीचा घास चावून विचारलं होतं, "आणि हे खाऊन कसला उपास?" तेव्हापासून तो विषय बरोबरीत सुटला होता.

त्या शुक्रवारी नॉर्बर्ट पंगतीला उशिरा आले. गुडघ्यांपर्यंत निळसर चिखल. मी समोरच बसले होते. कोबीची वाटी पुढे ओढत ते व्हर्नाबाईंना म्हणाले, "सापडलं."

"काय?"

"मोठं आहे. एकट्याने खाली आणता येत नाही. पालथं घालून आलोय. उद्या घसरगाडी घेऊन जाऊ."

"अरे पण आहे काय?"

"घरचा नियम काय आहे?" ते हसले. "भांडी तू घासणार आहेस, एवढंच सांगतो."

पालथं घालणं ही या लोकांची जुनी सवय. उचलता येण्यासारखं नसेल, तर कामाची बाजू जमिनीकडे करून ठेवायची आणि माणसं घेऊन परत यायचं. पाऊसपाण्यापासून वाचतं, आणि दुसऱ्याच्या नजरेपासूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नॉर्बर्ट घसरगाडीशेजारी पडलेले सापडले. पोरं बर्फावर ओढतात ती प्लास्टिकची लाल घसरगाडी. तिचा दोर डाव्या हातात तसाच होता.

उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. 'नाही' आणि 'तिथे' एवढे दोन शब्द राहिले, तेही भलत्याच वेळी यायचे. पाणी हवं का विचारलं तर 'तिथे'. घरी त्यांचं करणं व्हर्नाबाईंना झेपेना. पडले तर उचलणार कोण? शेवटी त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. त्या दिवशी व्हर्नाबाईंनी माझ्या ओट्याशी उभं राहून एक अख्खा पाव कोरडाच खाल्ला.

आणि तिथे नॉर्बर्टनी हाताने विचारायला सुरुवात केली. डावा हात पांघरुणावर पालथा ठेवायचे. मग सावकाश उताणा करायचे. आणि व्हर्नाबाईंकडे बघत राहायचे.

पहिल्यांदा मला कळलं नाही. व्हर्नाबाईंना लगेच कळलं. त्यांनी आपला हात पालथा करून त्यांच्या हातावर ठेवला. म्हणजे अजून नाही. अजून पालथाच आहे.

मग आमचे रविवार सुरू झाले. चर्च आटोपलं की मी त्यांना गाडीत घ्यायची, कारण हमरस्त्यावर गाडी घालायचं त्यांनी आता सोडलं होतं. आधी काप, मग शुश्रूषागृह. संत अँथनी हा त्यांच्यातला हरवलेल्या वस्तूंचा. त्याचा पत्र्याचा बिल्ला पर्समध्ये असायचा, गाडीत बसल्यावर त्यावर अंगठा फिरवायच्या. आमच्याकडे हरवलेल्यासाठी कार्तवीर्याचं नाव घेतात. किल्ली फिरवताना मी ते घ्यायची. दोघांनी वाटून घ्यावं, माझी काही हरकत नव्हती.

पण शोधायचं काय? ते व्हर्नाबाईंनी बघितलंच नव्हतं. शिंपला की किडा की आणखी काही. 'मोठं' एवढंच माहीत. काप चांगला लांब, त्यावर तीन पायऱ्या कोरलेल्या, प्रत्येक पायरीवर लाद्यांचा खच. त्यातल्या निम्म्या आपोआपच पालथ्या पडलेल्या. उलटवलेली लादी परत होती तशी ठेवायची, हाही इथला नियम, खालच्या जिवांना ऊन लागू नये म्हणून. त्यामुळे कुठली बघितली आणि कुठली नाही, ते पुढच्या रविवारी कळायचं नाही. मी खडूने खुणा करून बघितल्या, पावसाने पुसल्या. रंग मारू म्हटलं तर व्हर्नाबाईंनी असं बघितलं, जसं काही मी देवळात चपला घालून शिरले होते.

काही लाद्यांवर मात्र आम्ही हातच लावत नव्हतो. ज्यांच्यावर पांढरा खडा ठेवलेला असतो, त्या. खडा ठेवला म्हणजे हा दगड कुणीतरी पालथा घातलाय आणि तो परत येणार आहे. त्याला दुसऱ्याने शिवायचं नाही, त्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. या दगडवाल्यांत एकमेकांचं सगळं काढतात, कुणाच्या बायकोने काय केलं तेही काढतात, पण खड्याखालचं काढत नाहीत.

"नॉर्बर्टनी खडा ठेवला असेल तर?" मी एकदा विचारलं होतं.

"नॉर्बर्ट?" व्हर्नाबाईंनी नाक उडवलं. "तो म्हणायचा, खडा म्हणजे दुकानाची पाटी. चोराला सांगायचं, ये बाबा, इथे आहे. जन्मात ठेवला नाही त्याने."

मधल्या पायरीवर एका ठेंगण्या सुरूच्या झाडाजवळ अशीच एक खडेवाली लादी होती. दोन पाट जोडावेत एवढी. एकदा थकून मी नकळत तिच्या कडेला हात घातला, तर व्हर्नाबाई ओरडल्या, "दुसऱ्याचं आहे ते!" मी हात मागे घेतला. जागा मात्र सावलीची. आम्ही तिच्या शेजारी बादल्या पालथ्या घालून बसायचो, आणि कॉफीचा थर्मास तिच्यावरच ठेवायचो, खड्याला धक्का न लावता.

असे हिवाळे गेले. दर वसंतात वरून नव्या लाद्या कोसळायच्या आणि जुन्यांना झाकायच्या. व्हर्नाबाईंचा एक गुडघा बदलून झाला, दुसऱ्याला डॉक्टरांनी तारीख दिली ती त्यांनी पुढे ढकलली. गावातले लोक आधी विचारायचे, काय सापडलं? मग विचारेनासे झाले. शुश्रूषागृहात हात पालथा व्हायचा, उताणा व्हायचा, आणि व्हर्नाबाई आपला हात त्यावर पालथा ठेवायच्या. परतताना गाडीत डोळे मिटून बसायच्या.

एकदा तशाच डोळे मिटून म्हणाल्या, "कुंदा, मला तो दगड नकोय गं. मला त्या हाताला एकदा उत्तर द्यायचंय आणि घरी जाऊन झोपायचंय. इतकंच."

त्या वर्षी रस्त्याच्या कडेला नारिंगी पाट्या लागल्या. कापावरून दगड रस्त्यावर येतात म्हणून रस्तेखातं टेकडी मागे सारणार, उतार कमी करणार आणि वर माती टाकून गवत पेरणार होतं. पानगळ झाल्यावर काम सुरू. म्हणजे सगळं गाडलं जाणार. आम्ही रविवारच्या जोडीला शनिवारही धरला. मी घरी रात्री पोळ्या लाटायला उभी राहिले की लाटणं हातातून सुटायचं. माझे यजमान म्हणाले, "अगं, ब्रेड खाऊ आपण."

शेवटच्या रविवारी यंत्रं येऊन खाली उभी होती, पिवळी, गप्प. दुसऱ्या दिवशी ती चालू होणार होती. धुकं होतं आणि बोटं दगडाला लागली की बधिर व्हायची. व्हर्नाबाईंनी वरच्या पायरीपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत सुरूजवळ आल्या आणि बादलीवर बसल्या. या वेळी दोन सुस्कारे नाहीत, एकच, लांब.

"झालं," म्हणाल्या. "त्याला काय सांगू ते तू सांग."

मी थर्मास उघडला.

तेवढ्यात खालून काठी टेकत ऑरविल स्टेगमन वर येताना दिसले. नॉर्बर्टचे जुने जोडीदार, दगडवाल्या मंडळाचे सगळ्यांत वयस्क. चर्चमधल्या गायनाचा टाय अजून गळ्यात होता. रविवारी ते गाणं झालं की लेकीकडे जेवायला जायचे, म्हणून कापावर आम्हाला कधी भेटायचे नाहीत.

"शेवटचं बघून घ्यावं म्हटलं," धापा टाकत म्हणाले. मग त्यांची नजर लादीवरच्या थर्मासकडे गेली. "तू अजून हे नेलं नाहीस, व्हर्ना?"

"काय नेलं नाही?"

"हेच. नॉर्बर्टचं." त्यांनी काठीचं टोक लादीला लावलं. "उद्या यंत्रं चालू होणार. मी म्हटलं तुझं मन होत नसेल, पण आता मात्र..."

व्हर्नाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "हे नॉर्बर्टचं नाही. याच्यावर खडा आहे."

"खडा मी ठेवलाय."

ट्रक गेला. टोपी कानावर आली.

"त्या शुक्रवारी मी खालून जात होतो," ऑरविल सांगू लागले. "त्याची गाडी दिसली. तो इथे, या झाडाशी, गुडघ्यांवर. मी हॉर्न दिला, त्याने हात केला. मग कळलं त्याला काय झालं ते. आठवड्याने आलो तर लादी पालथी, शेजारी ओढल्याची ताजी खूण. हा पठ्ठ्या खडा ठेवत नाही हे सगळ्यांना माहीत. बिनखड्याचं म्हणजे कुणीही उलटवणार. म्हणून मी ठेवला. दर वसंतात येऊन नवा ठेवतो, थंडीत घरंगळतो म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पालथ्याबद्दल बोलतात का कधी?" ऑरविल खरंच गोंधळले होते. "शिवाय मला वाटलं, तुला माहीत आहे. तुम्ही दोघी तर इथेच बसता म्हणे."

"बसतो!" व्हर्नाबाईंचा आवाज चिरकला. "यावर कॉफी ठेवून बसतो, ऑरविल! तीन हिवाळे! तो खडा हलू नये म्हणून मी कप हातात धरून प्यायले!"

"मी राखत होतो, व्हर्ना."

"चांगलं राखलंस. माझ्यापासून राखलंस."

त्या हसायला लागल्या. मग ते हसणं कुठेतरी बिघडलं आणि त्यांनी हातमोजा तोंडावर धरला. ऑरविल टायचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. रागवावं कुणावर, तेच कळेना. इतका भला माणूस, आणि त्याच्या भलेपणानेच आमच्या कमरा मोडल्या होत्या.

पहार आणि घसरगाडी दर वेळेप्रमाणे माझ्या गाडीत होती. आणली. लादी उचलायच्या आधी व्हर्नाबाईंनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. "मी बघणार नाही. धुतल्याशिवाय नाही."

"मग मीही नाही," म्हणत ऑरविलनी मान वळवली, आणि मान वळवूनच पहारेवर भार दिला. त्यामुळे उताणी झालेली लादी पहिल्यांदा मी एकटीने बघितली.

सगळा चिखल. त्यातून एक गोम पळाली. चिखलाखाली रुपयाएवढाल्या गोल चकत्या होत्या, आणि प्रत्येकीवर मधून निघून एका बाजूला वळलेले पाच हात, भोवऱ्यात सापडल्यासारखे. घरापुढे रांगोळीने काढलेली फुलं असावीत तशा. पण बऱ्याच जागी फक्त गोल वळ उरला होता. चकती सुटून खालच्या मऊ मातीला चिकटून राहिली होती, आणि मी बोट लावल्यावर तिचा चुरा झाला. तीन हिवाळे ओल धरून बसलेली माती. आणि लादी पालथी घातली होती ती पाऊस लागू नये म्हणून.

मी लादीखाली जुनं पांघरूण सरकवलं.

ऑरविलना काहीतरी करायचं होतं. दोर बांधेपर्यंत त्यांनी आमच्या एका बादलीत तळहाताएवढाले पालथे तुकडे भरले, एकही न उलटवता. "राहू दे जवळ. उद्या इथे काही नसेल."

"मला आता एकही दगड नको," व्हर्नाबाई म्हणाल्या. पण बादली माझ्या गाडीत गेली आणि तिथेच राहिली.

शुश्रूषागृहाच्या दारातली मदतनीस आधी म्हणाली, माती आत चालत नाही. मग व्हर्नाबाईंच्या तोंडाकडे बघून तिने औषधांची ढकलगाडी रिकामी करून दिली आणि स्वतःच घमेल्यात कोमट पाणी आणलं.

नॉर्बर्टनी आम्हाला बघितलं आणि हात पालथा ठेवला. उताणा केला.

व्हर्नाबाईंनी या वेळी आपला हात उताणा केला.

ते लादीकडे बघत राहिले, खूप वेळ. व्हर्नाबाईंनी त्यांच्या डाव्या हातात टूथब्रश दिला आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. ज्याचा दगड त्यानेच धुवायचा. डाव्या हाताला ते काम येत नव्हतं. ब्रश घसरायचा, पाणी चादरीवर यायचं. मी हात पुढे केला तर मदतनीस बाईने माझा दंड धरला. चिखल हळूहळू निघाला.

"झालं," मीच शेवटी म्हटलं.

व्हर्नाबाई वळल्या. शाबूत होत्या त्या एका कोपऱ्यात, एकमेकींना बिलगून, चारपाचच. बाकी लादीभर गोल वळ. नॉर्बर्टचं बोट शाबूत चकत्यांवर गेलं नाही. ते वळांवरून फिरत राहिलं, एकावरून दुसऱ्यावर. त्यांनी जे बघितलं होतं ते आम्ही कुणीच बघितलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

तो शब्द जागेवर पडला होता की नेहमीसारखा भलत्याच ठिकाणी, मला आजही सांगता येत नाही.

व्हर्नाबाई उठल्या. त्यांनी त्या कोपऱ्यावर हात ठेवला, मग नॉर्बर्टच्या गालावर. "जिंकलास, म्हाताऱ्या. भांडी माझ्याकडे." आणि ते गढूळ पाण्याचं घमेलं उचलून खोलीतल्या सिंककडे गेल्या. घमेलं घासायला त्यांना फार वेळ लागला.

लादी पलंगाखाली गेली. कापावर यंत्रं फिरली, माती पडली, हिरव्या रंगाचं काहीतरी फवारलं.

नॉर्बर्टचा हात आता हलत नव्हता. पांघरुणावर पालथा असायचा, तसाच. आम्ही जायचो, व्हर्नाबाई चर्चमधल्या बातम्या सांगायच्या, ते खिडकीकडे बघायचे. एक रविवार तसा गेला, दुसरा गेला, आणखीही गेले.

"झोप लागते का हो आता?" मी एकदा गाडीत विचारलं.

"नाही." पर्समधल्या बिल्ल्यावर अंगठा फिरत होता. "त्याचं माझ्याशी तेवढंच बोलणं होतं, कुंदा. तेवढंच. मी उत्तर देऊन टाकलं."

देवाकडे मागताना माणसाने नीट मागावं म्हणतात. आम्ही दोघींनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, तेच तर मागितलं होतं.

हिवाळा लागला. एका रविवारी मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा त्या दारात कोट घालून उभ्याच होत्या. गाडीत बसायच्या आधी मागचं झाकण उघडायला लावलं. ऑरविलच्या बादलीत हात घातला, वरचा तुकडा न बघता काढला आणि परत घरात गेल्या. सिंकचा नळ ऐकू आला. बाहेर आल्या तेव्हा तुकडा फडक्यात गुंडाळलेला होता.

"बघितलात?"

"डोळे मिटून धुतला. चुकीचीच बाजू घासली असेन."

शुश्रूषागृहात जेवणाचा ट्रे पलंगावर आडवा होता. व्हर्नाबाईंनी वाटी बाजूला केली आणि तो तुकडा फडक्यातून ट्रेवर पालथा ठेवला. मग हात मांडीवर घेऊन बसल्या.

नॉर्बर्ट खिडकीकडे बघत होते. बाहेर एक कावळा कुंपणावर बसला होता, तो उडाला. मग त्यांची नजर ट्रेवर आली. पांघरुणावरचा हात निघाला. वाटेत चमच्याला लागला, चमचा खाली पडला, कुणी उचलला नाही. बोटं दगडाच्या कडेखाली शिरायला धडपडली, निसटली, पुन्हा शिरली.

दगड उताणा झाला. कोरा होता. एक शिंपलासुद्धा नाही, नुसता करडा दगड.

"हरले," व्हर्नाबाई म्हणाल्या. "पुन्हा मीच."

नॉर्बर्टनी त्या कोऱ्या दगडावरून बोट फिरवलं. त्यांच्या तोंडाचा हलणारा कोपरा हलला. मग हात पांघरुणावर परत नेला, पालथा ठेवला, आणि सावकाश उताणा केला. व्हर्नाबाईंकडे बघत राहिले.

त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. सरळ होताना दुसरा टाकला.

"आहेत. बादलीभर आहेत," त्या म्हणाल्या. "कुंदा, गाडीची किल्ली दे."